वयाचा वाटा किती, बसण्याचा किती

साठी उलटल्यावर जेवणानंतरची साखर वाढायला लागली की घरचे म्हणतात "वय झालं", आणि पुष्कळदा डॉक्टरही तेच म्हणतात. मधुमेह आणि वार्धक्य यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्याचं काम या वाक्यावर विसंबून न राहण्यापासून सुरू होतं. वय वाढतं तशी हालचालही कमी होत जाते. दोन्ही गोष्टी एकाच शरीरात, एकाच काळात घडतात. वाढलेल्या साखरेतला किती भाग वयाचा आणि किती बसून राहण्याचा, हे सुटं करता आलं नाही तर उपचारही अंदाजाने होतात. वय मागे नेता येत नाही. बसणं कमी करता येतं.

माझ्या मते आपण वयाच्या खात्यावर गरजेपेक्षा फार जास्त टाकतो. पण हे मोजून दाखवावं लागतं, आणि मोजताना कुठे चुकतं हे कळल्याशिवाय या विषयातला एकही आकडा नीट वाचता येत नाही.

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सरासरी २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने झालेली घट त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी निघाली. माणसं पाचच, आणि मोजलेली गोष्ट दमसास, साखर नव्हे. शिवाय तीन आठवडे अंथरुणावर पडून कोणी रोजचं आयुष्य जगत नाही.

म्हणून मला कोपनहेगनचा प्रयोग जास्त उपयोगी वाटतो. बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांच्या गटाने निरोगी तरुण पुरुषांची रोजची पावलं सुमारे १०,००० वरून १,५०० पर्यंत खाली आणली. जिन्याऐवजी लिफ्ट, चालण्याऐवजी गाडी, एवढाच बदल. दोन आठवड्यांत इन्शुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद सुमारे १७ टक्क्यांनी, पायांतलं स्नायूंचं वस्तुमान २.८ टक्क्यांनी आणि दमसास ७ टक्क्यांनी कमी झाला. या मुलांच्या बाबतीत वयाला दोष द्यायला जागाच नाही. आजारपणातून किंवा पडल्यामुळे दोन आठवडे घरात बसून राहिलेल्या सत्तरीतल्या माणसाची साखर अचानक का बिघडते, याचं उत्तर इथे आहे. फरक इतकाच, की तरुण माणूस गमावलेलं लवकर भरून काढतो. वृद्ध शरीर तेच सावकाश भरतं, आणि कधीकधी पूर्ण भरत नाही.

वयाचा स्वतःचा वाटा नाहीच, असं मात्र नाही. येल विद्यापीठातल्या जेराल्ड शुलमन यांच्या गटाने २००३ मध्ये सडपातळ, निरोगी वृद्धांची तुलना चरबी आणि स्नायूंचं प्रमाण जुळवलेल्या तरुणांशी केली. वृद्धांच्या स्नायूंमध्ये इन्शुलिनमुळे होणारा ग्लुकोजचा वापर सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता, मायटोकॉन्ड्रियाचं (पेशींतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकांचं) काम जवळपास तितकंच मंदावलेलं होतं, आणि स्नायूपेशींच्या आत चरबी साठलेली होती. दुसऱ्या बाजूला २००८ मध्ये मेयो क्लिनिकमधल्या नायर यांच्या गटाने वर्षानुवर्षं सहनशक्तीचा व्यायाम करणारे वृद्ध तपासले, आणि त्यांची इन्शुलिन-संवेदनशीलता व्यायाम करणाऱ्या तरुणांइतकीच आढळली. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की अर्थ लागतो. न हलणाऱ्या शरीरात वय लवकर आणि मोठं दिसतं. हलत्या शरीरात त्याची खूण, निदान या मोजमापात, फारच फिकी पडते.

अशा तुलनेतला मोठा धोका जुना आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त होता, जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना कमी. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांच्या नोंदी काढल्या, तर चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर तरुण वयातही वाहकांपेक्षा मोठा होता. म्हणजे फरक सगळा बसण्याने पडला की जाड माणसं चालकाच्या कामाकडे वळली, हे त्या आकड्यांवरून ठामपणे सांगता येत नव्हतं. तीस वर्षं धावणारा वृद्ध हाही असाच निवडलेला माणूस असतो: त्याचे गुडघे टिकले, हृदय टिकलं, म्हणून तो धावत राहिला. याच कारणासाठी पाहणीपेक्षा प्रयोगाला वजन द्यावं लागतं. पाहणीच करायची असेल तर पहिल्या दोनेक वर्षांतले मृत्यू वगळून हिशेब पुन्हा करावा, कारण पुष्कळ लोक आधीच आजारी असतात म्हणून बसलेले असतात.

स्नायूंवर इतका भर का, ते इथे सांगायला हवं. रक्तात इन्शुलिन चढवून केलेल्या चाचणीत शरीर जेवढं ग्लुकोज उचलतं, त्यातलं साधारण ८० टक्के सांगाड्याच्या स्नायूंत जातं. ते आत घेण्यासाठी ग्लुट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर यावी लागतात. इन्शुलिन त्यांना एका मार्गाने वर आणतं, स्नायूंचं आकुंचन दुसऱ्या मार्गाने. टाइप २ मधुमेहात पहिला मार्ग अडखळतो, दुसरा बहुतांशी शाबूत राहतो. औषध सुरू असो वा नसो, चालणाऱ्या पायाचे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. एका व्यायामानंतर इन्शुलिनला मिळणारा सुधारलेला प्रतिसाद साधारण २४ ते ४८ तास टिकतो. "सलग दोन दिवस व्यायाम चुकवू नका" हा सल्ला त्यातूनच आला आहे.

याच ४८ तासांमुळे संशोधनात किती गोंधळ होतो, हे बाहेरच्यांना क्वचित कळतं. तीन महिन्यांच्या व्यायाम-कार्यक्रमानंतर शेवटच्या सत्राच्या दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली, तर मोजलं जातं कालच्या सत्राचं श्रेय, तीन महिन्यांचं नव्हे. शेवटचं सत्र आणि चाचणी यांत किमान ४८ तास ठेवावेत, ७२ तास उत्तम, आणि अंतर सगळ्यांसाठी एकच असावं. कोणाला २० तास आणि कोणाला ९० तास दिले गेले, तर त्या सरासरीला काही अर्थ उरत नाही.

बसणं मोजण्याची पद्धत

जागेपणी बसून, रेलून किंवा लोळून असताना १.५ मेट (स्वस्थ बसून असताना लागते ती ऊर्जा म्हणजे १ मेट) किंवा त्याहून कमी ऊर्जा खर्च होत असेल तर ती बैठी अवस्था. "दिवसात किती तास बसता?" असं विचारून हे कळत नाही, लोक कमीच सांगतात. आठवण कमजोर झालेल्या वृद्धांमध्ये तर प्रश्नावली आणि वस्तुस्थिती यांचा मेळ बसणं कठीण. म्हणून उपकरण लागतं, आणि ते शरीरावर कुठे बांधलंय यावर सगळं ठरतं. कमरेवरचा ॲक्सेलरोमीटर (हालचाल मोजणारं उपकरण) मिनिटाला १०० पेक्षा कमी काउंट, म्हणजे हालचालीची एककं, दाखवतो तेव्हा आपण त्या मिनिटाला "बसलेलं" धरतो. पण शांत उभ्या माणसाचे काउंटही तेवढेच असतात, त्यामुळे स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी असलेली व्यक्ती आकड्यांत बसलेली दिसते. मांडीच्या पुढच्या बाजूला मधोमध चिकटवलेलं उपकरण मांडी आडवी की उभी हे ओळखतं. बसण्याचा अभ्यास असेल तर मांडीवरचंच वापरावं, यात मला तडजोड मान्य नाही.

ते सात दिवस, चोवीस तास ठेवावं आणि जोडीला झोपण्या-उठण्याच्या वेळांची वही द्यावी. वही नसेल तर पहाटे जागं पडून राहणं झोपेत मोजलं जातं. एका दिवसात जागेपणीची निदान १० तासांची नोंद असेल तरच तो दिवस धरायचा, आणि असे किमान चार दिवस हवेत, त्यांतला एक सुट्टीचा. वृद्धांची त्वचा पातळ असते, जलरोधक पट्टी ओढून काढताना ती सोलवटते, म्हणून दोन-तीन दिवसांनी पाय बदलावा आणि पट्टी ओली करून हळूहळू सोडवावी. हे सांगितलं नाही की चौथ्या दिवशी उपकरण निघतं, आणि सर्वात अशक्त माणसांची माहितीच गहाळ होते. शिवाय सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा हळू चालणाऱ्यांची पावलं बहुतेक उपकरणं कमी मोजतात. वॉकर धरून चालणाऱ्याच्या मनगटावर तर ती जवळपास निरुपयोगी, कारण हात हलतच नाही.

रोज १०,००० पावलं हा आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्रासोबत पसरला, कुठल्या चाचणीतून नव्हे. आय-मिन ली यांच्या २०१९ च्या अभ्यासात सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांमध्ये २,७०० च्या तुलनेत ४,४०० पावलांनाच मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी दिसलं आणि ७,५०० च्या आसपास फायदा थांबला. हीही पाहणीच, पण ३,००० पावलं चालणाऱ्या आजींना १०,००० चं लक्ष्य देऊन पहिल्याच आठवड्यात नाउमेद करण्याचं काही कारण नाही, हे त्यातून नक्की कळतं.

साखर मोजताना काय बिघडतं

वयाबरोबर अनशापोटीची साखर थोडीशीच वाढते, ग्लुकोज प्यायल्यानंतरची मात्र ठळकपणे वाढते. त्यामुळे वृद्धांमध्ये फक्त अनशापोटीची तपासणी केली तर बराच मधुमेह निसटतो. निदानाच्या रेषा अशा: अनशापोटी १२६ किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा अधिक. पूर्वमधुमेहाच्या रेषा अनुक्रमे १००, १४० आणि ५.७ पासून सुरू होतात.

ग्लुकोजच्या चाचणीआधी तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. "उद्या तपासणी आहे" म्हणून दोन दिवस भात-पोळी सोडलेल्या माणसाची साखर चाचणीत खोटीच चढते. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण २५० ते ३०० मिलीलीटर पाण्यात घालून पाच मिनिटांत प्यायचं आणि दोन तास बसून राहायचं. मधल्या वेळात बाहेर फेरी मारून येणारे असतात. स्नायूंनी साखर ओढली की दोन तासांचा आकडा खाली येतो आणि निदान चुकतं.

नळीतल्या रक्ताचंही बघावं लागतं. रक्तपेशी नळीतसुद्धा ग्लुकोज खात राहतात, खोलीच्या तापमानाला तासाला सुमारे ५ ते ७ टक्के. ११० चा नमुना दोन तास टेबलावर पडून राहिला तर अहवालात ९५ ते ९९ येईल आणि माणूस निरोगी ठरेल. फ्लोराइडची नळी वापरली म्हणजे झालं, असं नाही, कारण पहिला तास-दीड तास फ्लोराइड ही घट नीट रोखत नाही. नमुना लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवावा आणि अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा करावा.

एचबीएवनसीला या अडचणी नाहीत, पण त्याच्या स्वतःच्या आहेत. लोहाच्या कमतरतेत तो वाढीव दिसतो. रक्तस्राव झाला असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर कमी दिसतो. वृद्धांमध्ये रक्ताल्पता सर्रास असते, म्हणून हिमोग्लोबिन सोबत न बघता एचबीएवनसीवर निष्कर्ष काढू नये.

इन्शुलिनला शरीर किती प्रतिसाद देतं हे मोजायची सर्वात विश्वासार्ह रीत म्हणजे राल्फ डिफ्रोंझो यांनी १९७९ मध्ये मांडलेला क्लॅम्प. एका शिरेतून शरीराच्या दर चौरस मीटरला मिनिटाला ४० मिलीयुनिट या वेगाने इन्शुलिन, दुसरीकडून ग्लुकोज, दर पाच मिनिटांनी साखर मोजून ती ९० च्या आसपास खिळवून ठेवायची. दोन तासांतल्या शेवटच्या अर्ध्या तासात जितकं ग्लुकोज द्यावं लागलं, तो निकाल. इथे वृद्धांच्या बाबतीत हमखास होणारी चूक म्हणजे निकाल दर किलो वजनामागे मांडणं. वृद्धाच्या ७० किलोंत स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, त्यामुळे स्नायूंची प्रत चांगली असूनही आकडा वाईट येतो. तो दर किलो चरबीविरहित वजनामागेही मांडावा. दोन आकड्यांतली तफावतच सांगते की स्नायू कमी आहेत, की आहेत ते नीट काम करत नाहीत. क्लॅम्प शक्य नसेल तर अनशापोटी ग्लुकोज गुणिले इन्शुलिन भागिले ४०५ हे होमाचं सूत्र आहे, पण ते मुख्यतः यकृताबद्दल बोलतं. चालण्याने स्नायूंत झालेला बदल त्यात दिसला नाही म्हणून तो झालाच नाही, असं म्हणू नये.

बसणं मोडण्याचे प्रयोग

डेव्हिड डनस्टन यांच्या गटाने २०१२ मध्ये ४५ ते ६५ वर्षांच्या १९ वजनदार व्यक्तींना गोड, स्निग्ध पेय देऊन पाच तास बसवलं. दुसऱ्या प्रयोगात दर २० मिनिटांनी दोन मिनिटं हळू चालवलं, तिसऱ्यात जरा वेगाने. पेयानंतरची ग्लुकोजची वाढ हळू चालण्याने सुमारे २४ टक्के आणि वेगाने चालण्याने ३० टक्के कमी झाली. २०१६ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या २४ जणांवर आठ तासांचा असाच प्रयोग झाला. दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं संथ चालणं, किंवा तीन मिनिटं अर्ध्या बैठका, टाचा उचलणं, गुडघे वर घेणं. दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच आणि मोठा होता.

हे टक्के वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते सुरुवातीच्या पातळीवर चढलेल्या भागाचे आहेत, एकूण साखरेचे नाहीत. १०० वरून २०० पर्यंत चढणारी साखर १७५ पर्यंतच चढली, तर वाढ २५ टक्क्यांनी घटली म्हणायचं, साखर मात्र १२.५ टक्क्यांनी. बातमीत हा फरक कायम गायब असतो. आणि हे एका दिवसाचे प्रयोग आहेत, त्यावरून एचबीएवनसीबद्दल आश्वासन देता येत नाही. नुसतं उभं राहण्याचा फायदा त्याहून कितीतरी कमी. स्नायू आकुंचन पावून सैल पडले पाहिजेत, तरच साखर हलते.

वृद्धांसाठी मला सर्वात व्यवहार्य वाटतो तो २०१३ चा लोरेटा डिपिएट्रो यांचा प्रयोग. साठीपुढच्या, साखर बिघडण्याच्या वाटेवर असलेल्या दहा जणांनी तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालून बघितलं आणि वेगळ्या दिवशी एकदम ४५ मिनिटं. चोवीस तासांची साखर दोन्हींनी सुधारली, पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर जेवणोत्तर चालण्यानेच नीट खाली आली. जेवण संपल्यावर साधारण अर्ध्या तासाच्या आत निघावं. साखर शिखरावर पोचण्याआधी पाय चालू लागलेले बरे.

चालणं पुरेसं नाही, हे मात्र आग्रहाने सांगायला हवं. चालण्याने स्नायूंची प्रत सुधारते, वस्तुमान फारसं वाढत नाही, आणि वयाबरोबर ताकद वस्तुमानापेक्षाही वेगाने जाते. १९९० मध्ये मारिया फियाटारोन यांनी सरासरी नव्वदीच्या अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे, एका वेळी पेलेल त्या कमाल वजनाच्या ८० टक्के वजनाने मांड्यांचा व्यायाम करवून घेतला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तिथे यश आलं ते वजन पुन्हापुन्हा मोजून वाढवल्यामुळे. घरी हेच राहून जातं: पहिल्या महिन्यात दहा वेळा खुर्चीतून उठणं, सहाव्या महिन्यातही दहा वेळाच. हात न टेकता बारा वेळा सहज उठता आलं की खुर्ची बुटकी घ्यावी, किंवा हातात दोन किलो धरावेत. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. प्रगती पाहायला पाच वेळा उठण्या-बसण्याची वेळ मोजावी. १५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर युरोपीय निकषांप्रमाणे स्नायूंची ताकद कमी समजतात, २०१९ च्या आशियाई निकषांत १२ सेकंदांची रेषा होती, पण ती शारीरिक कार्यक्षमतेसाठी.

लठ्ठ वृद्धांचं वजन उतरवताना स्नायूही उतरतात. व्हिलारियल यांच्या २०१७ च्या चाचणीत आहारासोबत फक्त एरोबिक व्यायाम करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन ५ टक्के घटलं, फक्त वजनांचा व्यायाम करणाऱ्यांचं २ टक्के, दोन्ही करणाऱ्यांचं ३ टक्के. रोजच्या हालचालींची क्षमता दोन्ही करणाऱ्यांचीच सर्वात जास्त सुधारली. वृद्धांसाठी प्रथिनं दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम असावीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

सुरू करण्याआधी काय तपासायचं? सल्फोनिलयुरिया (साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा एक गट) किंवा इन्शुलिन चालू असेल तर साखर उतरण्याचा धोका असतो, कधीकधी तो दमदार व्यायामाच्या दिवशी रात्री झोपेत येतो. सुरुवातीला ९० च्या खाली असेल तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं घेऊन मगच निघावं. तळपायाला १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटचा (तपासणीच्या नायलॉन धाग्याचा) स्पर्श कळत नसेल तर बूट आतून हाताने चाचपून घालावेत आणि परतल्यावर तळवे बघावेत. दृष्टिपटलावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतील तर श्वास कोंडून जड वजन उचलू नये. बीटा-ब्लॉकर (नाडी मंद करणारी औषधं) घेणाऱ्यांनी नाडीवरून जोर ठरवू नये, बोलता येतंय का ते बघावं. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० ने पडत असेल तर खुर्चीतून उठण्याचा व्यायाम भिंतीजवळ, सोबतीने करावा.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा मुद्दा राहिला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मधुमेह-प्रतिबंध चाचणीत ३,२३४ जणांमध्ये जीवनशैलीतल्या बदलाने मधुमेह ५८ टक्के कमी झाला, मेटफॉर्मिनने ३१ टक्के. साठीपुढच्यांत जीवनशैलीचा परिणाम ७१ टक्क्यांवर गेला आणि मेटफॉर्मिनचा किरकोळ उरला. मग दोन्ही एकत्र दिले तर बेरीज होईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. २०१९ च्या दोन चाचण्यांत तसं झालं नाही. पासष्टीपुढच्या निरोगी लोकांत वजनांच्या व्यायामाने होणारी स्नायूंची वाढ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत कमी भरली. दुसऱ्या चाचणीत एरोबिक व्यायामाने दमसासात आणि इन्शुलिन-संवेदनशीलतेत होणारी सुधारणा त्याने दबली. या दोन्हींत मधुमेह झालेले लोक नव्हते, त्यामुळे मधुमेह असलेल्या कोणीही हे वाचून गोळी बंद करू नये. पण वृद्धांवर व्यायामाची चाचणी आखणाऱ्याने मेटफॉर्मिन घेणारे आणि न घेणारे असे दोन थर आधी पाडावेत, प्रत्येक थरात चिठ्ठ्या वेगळ्या टाकाव्यात, आणि चाचणी चालू असताना कोणाचा डोस बदलला तर त्याची तारखेसह नोंद ठेवावी.